गोमेकॉचा इतिहास १८४२ पासून नका सुरू करू

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर आला की पणजीत इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, धामधूम सुरू होते, मांडवीच्या काठावरच्या जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, इमारतीला रंगरंगोटी, लाइटिंग, बाहेर सेल्फीवाल्यांची गर्दी, मागे आयनॉक्सला लाइन. २००४ पासून हे चाललंय आणि चांगलंच आहे, इमारत वापरात राहिली तरच टिकते. पण त्या गर्दीतल्या कुणालाही थांबवून विचारा की इथे आधी काय होतं, तर "जुनं जीएमसी" एवढंच उत्तर येतं. फार तर कुणी सांगेल की आशियातलं सगळ्यात जुनं मेडिकल कॉलेज, १८४२ चं, आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की हा इतिहास १८४२ ला सुरू होतच नाही, तो १५१० च्या आसपास सुरू होतो, त्यात राजा आहे, पाद्री आहेत, आजारी सैनिक आहेत, आपले वैद्य आहेत, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आहे, आणि हा सगळा भाग गाळला तर आज ज्या हॉस्पिटलच्या भरवशावर गोव्यासोबत आम्ही सिंधुदुर्गवालेसुद्धा जगतो ते कुठून कुठे आलंय हे कळणारच नाही.

मी बांद्याचा. आमच्याकडे कुणी सिरीयस झालं की घरातल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "बांबोळीक व्हरा", म्हणजे बांबोळीला न्या, गोमेकॉ आता तिथे आहे. ॲक्सिडेंट असो, साप चावलेला असो, हार्ट ॲटॅक असो, पत्रादेवीचा नाका ओलांडून गाडी सरळ बांबोळीला. माझ्या मामाचं मोठं ऑपरेशन तिथेच झालं आणि त्यानंतर तो कितीतरी वर्षं जगला. तेव्हा तिथल्या कॉरिडॉरमध्ये बसून बसून मला या हॉस्पिटलबद्दल वाचायची आवड लागली आणि मग जे जे मिळेल ते वाचत गेलो.

तर सुरुवात अशी. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला आदिलशहाच्या माणसांकडून गोवा परत घेतला आणि त्यानंतर लवकरच जुन्या गोव्यात नदीच्या काठाला हॉस्पिटल उभं राहिलं, राजाच्या पैशातून चालणारं, म्हणून त्याचं नाव हॉस्पिटल रियाल, शाही हॉस्पिटल. ते कुणासाठी होतं तर पोर्तुगीज सैनिक आणि खलाशांसाठी. लिस्बनहून मार्च-एप्रिलला सुटलेली जहाजं सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागायची, सहा-सहा महिने समुद्रात, ताजी भाजी नाही फळ नाही, हिरड्या सुजलेल्या, दात हललेले, ताप, हगवण. किती जण वाटेतच मरायचे आणि उरलेल्यांतले बरेच जहाजातून उतरले की थेट हॉस्पिटलात. म्हणजे पोर्तुगीज साम्राज्याला गोव्यात किल्ल्याइतकीच हॉस्पिटलची गरज होती, माणसंच उभी राहिली नाहीत तर लढणार कोण. दया वगैरे नंतर, आधी गरज.

पण म्हणून त्यात दया नव्हतीच असंही नाही, आणि इथे मला दोन्ही बाजूंच्या लोकांशी भांडायचंय. मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याला आला, पोपचा प्रतिनिधी म्हणून आला होता, मोठ्या वाड्यात राहता आलं असतं, पण तो या हॉस्पिटलात जाऊन राहिला. सगळ्यात जास्त आजारी माणसाच्या शेजारी झोपायचा, त्यांचं करायचा, तिथून कैद्यांकडे जायचा, सेंट लाझारसच्या कुष्ठरोग्यांकडे जायचा. हे खरंच आहे. आणि याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं असं कळवलं हेही तितकंच खरं. ते इन्क्विझिशन १५६० ला गोव्यात आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. आता झेवियरच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, वेळी एक गट फक्त पहिलं सांगतो आणि सोशल मीडियावर दुसरा गट फक्त दुसरं सांगतो. दोन्ही एकाच माणसाने केलंय, दोन्ही एकाच शहरात घडलंय. आपण मोठी माणसं आहोत, दोन्ही एकदम ऐकून घेता आलं पाहिजे.

मधली बरीच वर्षं हे हॉस्पिटल मिझेरिकोर्दिया नावाच्या धर्मादाय संस्थेकडे होतं, आणि सोळावं शतक संपता संपता ते जेझुइट पाद्र्यांकडे गेलं. पैसा राजाचा, कारभार पाद्र्यांचा. त्या काळचं सगळ्यात रंगवून सांगितलेलं वर्णन एका फ्रेंच माणसाचं आहे, फ्रान्स्वा पिरार. त्याचं जहाज मालदीवला फुटलं, तिथे तो काही वर्षं अडकला आणि शेवटी १६०८ मध्ये आजारी अवस्थेत गोव्याला आणला गेला. या हॉस्पिटलात त्याच्यावर उपचार झाले आणि त्याने लिहून ठेवलंय की जगात याच्यासारखं हॉस्पिटल दुसरं नसेल. स्वच्छ चादरी, गाद्या, पेशंटला घालायला वेगळे कपडे, जेवणाला चांदीची आणि चिनीमातीची भांडी, खायला कोंबडी, डॉक्टर आणि औषधवाले रोज फेरी मारणार. चारशे वर्षांपूर्वी! युरोपातल्या कित्येक हॉस्पिटलांत तेव्हा एका खाटेवर दोन-दोन तीन-तीन पेशंट असायचे.

पण तोच पिरार हेही सांगतो की हे सगळं पोर्तुगीजांसाठी. इथल्या गरीब माणसासाठी वेगळी सोय, वेगळी जागा. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजपाशी इथल्या गरिबांसाठी एक छोटं हॉस्पिटल होतं, मिसेर पाउलो नावाचा एक इटालियन पाद्री ते जीव ओतून चालवायचा, १५६० ला तो वारला. त्याचं नाव आज गोव्यात कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण ज्याला त्या काळात कुणी विचारत नव्हतं त्याच्यासाठी तो राबला. अर्थात तिथेही धर्म बदललेल्यांना आधी आणि बरं होता होता बाप्तिस्मा हे होतंच, त्या काळात हॉस्पिटल आणि धर्मप्रसार हे वेगळे काढताच येत नव्हते.

आता वैद्यांची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी कुठल्याच बोर्डावर येत नाही. गोव्यात पिढ्यानपिढ्या औषध देणारे हिंदू वैद्य होते, पोर्तुगीज त्यांना पंडित म्हणायचे. १५६७ मध्ये गोव्यात चर्चची मोठी सभा भरली आणि तिने ठरवलं की ख्रिश्चनांनी बिगरख्रिश्चन वैद्यांकडे जायचं नाही. नियम झाला. आणि झालं काय? लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ पासून काही वर्षं गोव्यात होता, तोही साधासुधा नाही, खुद्द आर्चबिशपच्या नोकरीत, आणि तो लिहितो की व्हाइसरॉय, आर्चबिशप, पाद्री सगळे आपल्या पोर्तुगीज डॉक्टरांपेक्षा या वैद्यांवर जास्त भरवसा ठेवतात, आणि हे वैद्य डोक्यावर छत्री धरून घेऊन फिरतात, जो मान इथल्या इतर हिंदूंना नव्हता. म्हणजे ज्यांनी बंदी घातली त्यांनाच रात्री पोटात दुखलं की वैद्याला बोलावणं जायचं. कारण साधं होतं, इथला ताप, इथलं पाणी, इथला पावसाळा या वैद्यांना माहीत होता आणि लिस्बनहून आलेल्या डॉक्टरला नव्हता. पुढे १६१८ ला शहराच्या सिनेटने ठरवलं की परीक्षा दिल्याशिवाय कुणी डॉक्टरकी करायची नाही आणि हिंदू वैद्य ३० पेक्षा जास्त नकोत. बंदीपासून कोट्यापर्यंत आले, कारण त्यांच्याशिवाय चालतच नव्हतं. गोमेकॉच्या इतिहासात या वैद्यांचा एक कोपरा हवाच हवा, नावं मिळोत न मिळोत.

आणि गार्सिया द ओर्ता. पणजीत चर्चच्या खालच्या चौकातल्या गार्डनला त्याचं नाव आहे, संध्याकाळी तिथे बाकावर बसलेल्या लोकांनाही हा कोण ते माहीत नसतं. हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ ला गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. आपल्या मराठी वाचकांसाठी सांगतो, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा पेशंटही होता आणि दोस्तही, आणि मुंबई बेट काही काळ याच माणसाकडे भाड्याने होतं. त्याने वैद्य, हकीम, व्यापारी, बागवाले सगळ्यांना विचारून विचारून इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते १५६३ ला गोव्यातच छापलं, भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं ते एक. १५४३ मध्ये गोव्यात मोडशीची, म्हणजे आज आपण कॉलरा म्हणतो त्याची, भयंकर साथ आली होती, गव्हर्नरच्या हुकमाने एक मृतदेह उघडून बघितला होता, आणि ओर्ताने आपल्या पुस्तकात मोडशीवर अख्खं प्रकरण लिहिलंय, नाडी कशी, हातपाय कसे गार पडतात, उलट्या कशा. इथल्या वैद्यांचे उपायही तो मोकळेपणाने नोंदवतो, जे पटलं ते पटलं म्हणतो. असा माणूस. तो मूळचा ज्यू घराण्यातला, बाप्तिस्मा झालेला. १५६८ ला तो वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० ला ओर्ताची हाडं कबरीतून उकरून काढून जाळली. मेलेल्या डॉक्टरची हाडं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि बराच वेळ काही सुचलं नव्हतं. ज्या शहरात जगातलं सर्वात चांगलं हॉस्पिटल होतं असं पिरार म्हणतो त्याच शहरात हे झालंय, पिरार यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी.

यानंतरचा काळ भरभर सांगतो. जुनं गोवं साथींनी पोखरलं, विहिरींचं पाणी खराब, ताप, लोक सोडून गेले, व्हाइसरॉयसुद्धा तिथून हलला. १७५९ ला पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं आणि हॉस्पिटलचा कारभार सरकारकडे आला, जागाही बदलली, जुन्या गोव्यातून रायबंदरच्या वाटेवर आलं आणि १८४२ ला पणजीत माकिनेझच्या वाड्यात, म्हणजे आज इफ्फीचं ऑफिस आहे त्या भागात. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला कोंद दास आंतास हा गव्हर्नर असताना मेडिकल स्कूल सुरू झालं. मुख्य डॉक्टर मोआशो म्हणून होता, त्याने हे पुढे रेटलं. त्याच्याही आधी १८०१ पासून इथे डॉक्टरकी शिकवायचे प्रयत्न झालेले आहेत, म्हणून "आशियातलं सगळ्यात जुनं" ही शर्यत मला पटत नाही, कलकत्ता आणि मद्रासची मेडिकल कॉलेजं १८३५ ची आहेत, त्यांच्याशी कशाला भांडायचं. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, सव्वातीनशे वर्षांचं हॉस्पिटल आधी आणि कॉलेज नंतर.

या स्कूलमधून निघालेले गोवेकर डॉक्टर कुठे कुठे गेले बघा. मोझांबिक, अंगोला, तिमोर. पोर्तुगीज साम्राज्याची आफ्रिकेतली कितीतरी दवाखान्यांची कामं या गोव्याच्या पोरांनी ओढली. आणि गंमत नव्हे, दुखणं असं की त्याच डिग्रीवर त्यांना पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करता यायची नाही, तिथे जाऊन पुन्हा शिकायला, परीक्षा द्यायला लागायची. आफ्रिकेसाठी डॉक्टर, लिस्बनसाठी नाही. दुसरीकडे या स्कूलमध्ये शिकणारे बहुतेक ख्रिश्चन समाजातल्या वरच्या जातींचे, ब्राह्मण आणि चार्डो, हेही सांगायला हवं. हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले ते १९१० ला पोर्तुगालमध्ये राजा गेला आणि रिपब्लिक आलं तेव्हा. बहुजन समाजाच्या मुलामुलींना तर त्यानंतरही कितीतरी काळ वाट बघावी लागली.

चर्च आणि हॉस्पिटल एकमेकांत गुंतलेली हा प्रकार गोव्यात इतर ठिकाणीही आहे. मडगावचं हॉस्पिसियो १८६७ ला मिरांडा नावाच्या गोवेकर पाद्र्याने गरिबांसाठी सुरू केलं, लोकांच्या दानावर. म्हापशाचं आझिलो गरिबांच्या आसऱ्यातून वाढलं. मुक्तीनंतर ही सरकारी झाली, आता तर जिल्हा हॉस्पिटलं नव्या इमारतींत गेली, तरी म्हापशातला हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन कुणीही आजही "आझिलोत गेलो होतो" असंच म्हणतो. रायबंदरला मिझेरिकोर्दियाचं हॉस्पिटल होतं त्या इमारतीत पुढे मॅनेजमेंट कॉलेज चाललं. मकाझानला फ्रोइलानो द मेलोने १९३४ ला कुष्ठरोग्यांसाठी हॉस्पिटल उभं केलं, तो याच मेडिकल स्कूलचा डायरेक्टर होता. म्हणजे नदी, चर्च आणि हॉस्पिटल हे तिन्ही गोव्यात एकमेकांना चिकटून आहेत, एकाबद्दल बोलताना दुसरं येतंच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ ला स्कूलचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, सुरुवातीला मुंबई युनिव्हर्सिटीला जोडलेलं, आणि नव्वदच्या दशकात सगळा पसारा बांबोळीच्या टेकडीवर गेला. आणि माझ्या दृष्टीने या पाचशे वर्षांतली खरी मोठी गोष्ट ती ही. जे हॉस्पिटल एका राजाच्या सैनिकांसाठी होतं, जिथे इथला माणूस नोकर म्हणून आत जायचा, पेशंट म्हणून नाही, तिथे आज काणकोणची म्हातारी, झारखंडहून आलेला बांधकामावरचा पोरगा, कारवारचा मच्छीमार आणि दोडामार्गचा काजूवाला एकाच वॉर्डात शेजारी शेजारी असतात. हे आपोआप झालेलं नाही. लोकांनी, सरकारांनी, डॉक्टर आणि नर्सेसनी ते केलंय.

२०१८ च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागू झाली तेव्हा आमच्याकडे खूप राग होता, दोडामार्गात आंदोलन झालं, मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आमच्या पेशंटसाठी वाट काढायचा प्रयत्न झाला. मी त्या वादात गोव्याला दोष देत नाही, हॉस्पिटल गोव्याच्या पैशावर चालतं, गर्दी प्रचंड असते, त्यांचाही प्रश्न खरा आहे, आणि आमच्या जिल्ह्यात चांगलं हॉस्पिटल नाही ही जबाबदारी आमच्या सरकारची. पण तेव्हा टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर जी भाषा चालली होती, "आमचं हॉस्पिटल, बाहेरचे कशाला", ती ऐकताना मला सारखं वाटत होतं की या लोकांना या हॉस्पिटलचा इतिहास कुणी सांगितलाच नाही. आत कोण येणार हा वाद इथे पाचशे वर्षं चाललाय, आणि प्रत्येक वेळी दार थोडं थोडं जास्त उघडत आलंय.

म्हणून गोवा सरकारला आणि गोमेकॉच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती. जुन्या इमारतीतला एक हॉल, एकच हॉल, कायमच्या प्रदर्शनासाठी द्या. सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या आणि इफ्फीच्या वेळी बाकीची इमारत वापरा, पण हा हॉल वर्षभर उघडा ठेवा. मराठी, कोकणी, इंग्लिश आणि पोर्तुगीजमध्ये लिहा. पिरारचं वर्णन लावा आणि शेजारीच त्या हॉस्पिटलात कुणाला प्रवेश नव्हता तेही लावा. झेवियरने पेशंटची केलेली सेवा लावा आणि त्याचं १५४६ चं पत्रही. ओर्ताचं पुस्तक लावा आणि त्याच्या हाडांचं काय झालं तेही लिहा. वैद्यांना मोठी जागा द्या. आफ्रिकेला गेलेल्या डॉक्टरांच्या घरी अजून जुनी सर्टिफिकेटं, फोटो, पत्रं असतील, लोकांना आवाहन करा, गोव्याचे लोक असल्या गोष्टी जपून ठेवतात, आनंदाने देतील. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज काळातले कागद ढिगाने आहेत, त्यातले हॉस्पिटलचे कागद स्कॅन करून घ्या, कारण आमच्या हवेत पावसाळ्यात कागद किती दिवस टिकतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जुनं पोर्तुगीज वाचू शकणारी माणसंही आता कमी होत चाललीत. त्यांच्याकडून आत्ताच वाचून घेतलं नाही तर नंतर कागद असून उपयोग नाही.

आमच्या सिंधुदुर्गातल्या शाळांच्या ट्रिपा दरवर्षी जुन्या गोव्याला चर्च बघायला येतात, मिरामारला जातात, सायन्स सेंटरला जातात. त्यात अर्धा तास या हॉलसाठी सहज काढता येईल, त्या पोरांपैकी कितीतरी जणांचे आजी-आजोबा बांबोळीत बरे होऊन घरी आलेत. गोमेकॉच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही एकदा इथे आणावं. आणि तारीख शोधायची गरज नाही, ५ नोव्हेंबर आहेच, इफ्फीच्या आधी दोन आठवडे, तयारी तेव्हा चालूच असते.

आपला,
एक वाचक
बांदा, ता. सावंतवाडी